ऐकीव पहाडी

बैलपाठ पहाडीबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं निम्मं मी माझ्या पायांनी शिकले आणि उरलेलं इंद्रकुमार टेंभरे यांच्या प्रश्नांमुळे. इंद्रकुमार आमच्या गाडीचे ड्रायव्हर. दोन हिवाळे ते आम्हाला दर रविवारी त्या पहाडीच्या पायथ्याशी नेत होते, आणि दुसरा हिवाळा सरत येईपर्यंत स्वतः एकदाही वर चढले नव्हते.

आधी पहाडी सांगते. गोंदियाहून आमगाव, आमगावहून सालेकसा. सालेकसा मागे पडलं की धानाच्या बांध्या लहान होत जातात, मोहाची झाडं रस्त्याजवळ येतात आणि एका वळणावर डाव्या हाताला ती दिसते, रवंथ करत बसलेल्या बैलासारखी. मान छत्तीसगडकडे, मानेमागे वशिंडाचा उंचवटा, मग लांबलचक सपाट पाठ, आणि शेपटीकडचा उतार थेट रेल्वेलाईनपर्यंत गेलेला. फार उंच नाही. सह्याद्रीतली माणसं तिला टेकाड म्हणतील. पण आमच्या डोळ्यांना सपाट जमिनीची इतकी सवय, की एवढ्या उंचीलाही मान वर करून पाहावं लागतं.

खाली बांबूचं रान आहे. मग नाल्याचं पात्र, त्यात म्हशींएवढे गोटे. नाला संपतो तिथं येनाचं, म्हणजे ऐनाचं, एक जुनं झाड, आणि झाडापाशी वाट फाटते. उजवीकडची तेंदूच्या झुडपांमधून सावकाश पाठीवर नेते. डावीकडची मानेवरून सरळ वशिंडावर जाते. तिथं हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. वर गवत, काळा दगड आणि वारा. थंडीच्या सकाळी वरून पाहिलं तर खालच्या तळ्यांवर धुकं वेगवेगळं उभं असतं, प्रत्येक तळ्याचं आपापलं.

आमची मंडळी जमवली हिमांशुनं. तो बँकेत आहे. मी, नीतू, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. श्यामलालकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्यांनी याच लाईनवर रुळांचे जोड आणि खिळे तपासत पायी काढलेलं. बाकी दोघंचौघं येऊन जाऊन. कुणालाच डोंगराचा अनुभव नव्हता. पहिल्या रविवारी आम्ही चपलांवर गेलो होतो.

इंद्रकुमार मूळचे दवनीवाड्याचे. तिथं उंच म्हणजे तळ्याची पाळ आणि खळ्यात रचलेलं धानाचं पुंजणं. लहानपणी पुंजण्यावर चढून बसल्याबद्दल त्यांनी वडिलांचा मार खाल्ला होता, असं ते हसत सांगायचे. पुढे ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, आणि लग्नानंतर गोंदियाजवळच्या फुलचूरला घर करून स्वतःची क्रूझर घेतली. आठवडाभर शाळेची मुलं ने-आण करायची आणि रविवारी आम्ही. ट्रकवरच्या उस्तादानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती: ड्रायव्हरनं गाडीपासून हाकेच्या पल्याड जायचं नाही. उस्ताद कधीच गेला, ट्रकही भंगारात गेला, पण इंद्रकुमारांनी ती गोष्ट पाळली. आम्ही म्हणायचो, "भाऊ, चला ना वर." ते म्हणायचे, "तुमी जा न बाप्पा. मी आहो अथी."

आम्ही दुपारी उतरून यायचो तेव्हा टोल्याच्या, पायथ्याच्या त्या छोट्या वस्तीच्या, कडेला, मोहाखाली, तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत असायचा. पेले हातात दिले की ते आमच्यासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायला लागायचे.

ते प्रश्न साधे नसायचे. किती वेळ लागला, दमलात का, असलं काही नाही. "पाठीवर गेलं त वारा कोन्त्या कानाले लागते?" "नाल्यातलं पानी गोट्याच्या वरून जाते का खालून?" "येनाची साल हाताले कशी लागते?" पहिल्यांदा मी गोंधळले. भूगोल शिकवणारी बाई, पण वारा कुठल्या कानाला लागला ते आठवेना. पुढच्या रविवारी वर गेल्यावर मी मुद्दाम उभी राहिले आणि लक्ष दिलं. डाव्या कानाला. उतरल्यावर सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तसंच वाटलं होतं.

हळूहळू आम्हा सगळ्यांना सवय लागली. वर काही पाहिलं की कुणीतरी म्हणायचं, "हे इंद्रभाऊंना सांगायचं." हिमांशु त्यांच्यासाठी हरियल पक्ष्यांचा थवा लक्षात ठेवायचा. मी धुकं, दगडांचे थर, निळी फुलं, पळस. श्यामलालकाका फारसं बोलत नसत, पण एकदा म्हणाले, "शेपटीकडं एक गोटा आहे, इंद्रकुमार. त्याले कान लावला त रुळावरची गाडी दिसाच्या पहिले ऐकू येते." आम्ही कुणी तो दगड पाहिला नव्हता. उतरताना काका अधूनमधून मागे राहायचे, तेव्हा तिकडे जात असावेत.

आम्ही वर असताना इंद्रकुमार मागच्या सीटवर आडवे व्हायचे. काचा खाली, पाय खिडकीबाहेर. मला त्यांनी सांगितलं की तेव्हा ते पहाडी चढायचे. झोपेत नाही आणि जागेपणीही नाही, मधल्या कुठल्यातरी जागी. बांबूच्या रानातून सुरुवात करायचे, नाल्यात पाय बुडवायचे, येनाच्या झाडाला हात लावायचे आणि फाट्यावर पोचेपर्यंत बहुतेक वेळा डोळा लागायचा. जिथं डोळा लागला तिथून पुढच्या रविवारी पुन्हा सुरू.

सोमवारी शाळेच्या मुलांना गाडीत पहाडीची गोष्ट मिळायची. घरी जेवताना बायकोला, म्हणजे गुंजनला. गुंजन विचारायची, "तुमी गेलते का वर?" ते सांगायचे, "नाई." तिला तेवढं पुरायचं. ती भाकरी वाढता वाढता म्हणायची, "मंग? धुक्यात हरियल कसे दिसले म्हन्ता?"

दुसऱ्या हिवाळ्यातला फेब्रुवारी. त्या रविवारी माझ्या टाचेला फोड आला म्हणून मी अर्ध्यातून परतले आणि मोहाखाली बसले. बाकीची मंडळी दुपारी उतरली. श्यामलालकाका त्यांच्यात नव्हते.

"मागून येतो म्हणाले होते," हिमांशु म्हणाला.

चहा झाला. दुसऱ्यांदा उकळला. काका आले नाहीत. फोनला तिथं रेंज नसते. हिमांशुचा चेहरा बदलत गेला. त्यानं बाकीच्यांना घेतलं आणि सगळे पुन्हा पाठीच्या वाटेनं वर निघाले. जाताना म्हणाला, "भाऊ, तुम्ही आणि मॅडम इथंच थांबा. काका आले तर हॉर्न वाजवा."

इंद्रकुमार चुलीपाशी बसून राहिले. जाळ विझत आला तरी त्यांनी काटकी घातली नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्याडम, काका पाठीवर नाई सापडनार. ते शेपटीकडं असन. त्या गोट्यापाशी."

"हिमांशुला का नाही सांगितलं?"

"आता सुचलं."

ते उठले. पाण्याची बाटली, गुळाचा खडा आणि मुरमुऱ्यांची पुडी गमछ्यात बांधली. गाडीला कुलूप लावलं, दार ओढून पाहिलं, थोडं चालून गेले आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. टोल्यातल्या रुख्माबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांना म्हणाले, "मायबाई, आमची मंडळी आली त सांगजा, आमी शेपटीकडं गेलो."

"गाडीपाशी कोन मंग?" रुख्माबाईंनी विचारलं.

इंद्रकुमारांनी गाडीकडे पाहिलं. "तुमी," म्हणाले, आणि निघाले. मीही चप्पल ओढत मागे गेले. टाच दुखत होती, पण त्यांना एकट्याला कसं सोडायचं?

रानात शिरल्यावर त्यांची चाल बदलली. गोंदियात ते चालताना थोडे डुलतात, जड माणसासारखे. इथं ते अलगद चालत होते, दुसऱ्याच्या घरात पाहुणा चालतो तसे. "आता बांबू संपन," ते म्हणाले. बांबू संपला. "आता नाला." नाला आला. गोट्यांच्या कडेशी ते थांबले आणि कान देऊन उभे राहिले.

"पानी कोठी गेलं?"

"फेब्रुवारी आहे, भाऊ. पाणी आम्ही दिवाळीच्या सुमाराला पाहिलं होतं."

"अन् ते निळी फुलं?"

"ती पावसाळा संपताना."

"धुकं?"

"डिसेंबरातलं. तेही सकाळीच."

"पळस त असन."

"अजून फुलायचा आहे."

ते कोरड्या नाल्यात उभे राहिले. खाली वाळूत कुण्या जनावराचे खूर उमटले होते, त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "म्हंजे सगळं एकदम नाई राहत?"

"नाही."

"माह्या पहाडीवर त एकदमच आहे सगळं. पानी वाहून राहिलं, पळस फुलून राहिला, धुक्यात हरियल उडून राहिले." ते स्वतःशीच हसले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. तसं दिसलं नाही. पुढे येनाचं झाड लागलं तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे सालीवर ठेवले. येनाची साल भेगांनी चौकटी पडलेली असते, सुसरीच्या पाठीसारखी. बराच वेळ त्यांनी हात काढले नाहीत. "हे बरोबर सांगतलं होतं तुमी," म्हणाले.

फाट्यावरून आम्ही कुठलीच वाट घेतली नाही. शेपटीकडे वाटच नाही. इंद्रकुमार अंदाजानं निघाले. काकांच्या एका वाक्यावर, लाईन कुठल्या बाजूला असेल त्या हिशेबानं. घाणेरीच्या काट्यांनी माझी ओढणी धरली. एकदा ते चुकले, परत फिरलो. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा परत फिरायलाही जागा कळेना. मी भ्याले होते. मोहाच्या दिवसांआधी अस्वलं या बाजूला फिरतात असं रुख्माबाईंनीच सांगितलं होतं. इंद्रकुमार पुढे जात राहिले आणि मग एकदम झाडं संपली.

ती जागा आम्ही कुणीच कधी पाहिली नव्हती. डोंगराच्या कुशीत एक खोलगट मैदान, कंबरेएवढं पिवळं गवत, आणि मधोमध खडकात पाणी साचलेलं, परातीएवढं. वारा नव्हता. गवत जराही हलत नव्हतं. पाण्यावर पिवळी फुलपाखरं बसत होती, उठत होती आणि त्यांचा आवाज येतोय असं वाटावं इतकी शांतता. ऊन गवताच्या आत शिरून तिथंच राहिलं होतं. इंद्रकुमार खाली बसले. दमून नाही. माणूस देवळात बसतो तसेही नाही. नुसते गवतात मांडी घालून बसले.

"हे कोनं सांगतलं नव्हतं," ते हळू म्हणाले.

"आम्हालाच माहीत नव्हतं."

खरं सांगते, थोडा वेळ मी श्यामलालकाकांना विसरले. टाचेचा फोड विसरले. गवताच्या काडीवर एक फुलपाखरू बसून पंख मिटत होतं, उघडत होतं, आणि मला वाटलं, आम्ही इथं फार दिवसांपासून आहोत.

इंद्रकुमारच आधी भानावर आले. उठून मैदानाच्या कडेला गेले आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "काकाऽऽ! ओ श्यामलालकाकाऽऽ!"

खालून, अगदी जवळून, उत्तर आलं. "कोन हाये?"

कडेच्या खाली एक खडकाचा ओटा होता. त्यावर काका पाय लांब करून बसले होते. एक बूट काढलेला, घोटा सुजून लाल झालेला. आमच्याकडे पाहून त्यांना इंद्रकुमार दिसले, तेव्हा दुखणं विसरून त्यांनी विचारलं, "अबे, तू? तू कायले आला वर? गाडी?"

"रुख्माबाई आहे गाडीपाशी."

"आवाज देऊन देऊन थकलो. मंग झोप लागली."

मी खाली उतरून घोटा पाहिला. हाड शाबूत वाटत होतं. इंद्रकुमारांनी गमछा पाण्यात भिजवून पायाला गुंडाळला, गूळ आणि मुरमुरे काकांच्या हातात दिले. काकांनी घास घेतला आणि खाताखाता हात वर केला. "थांब. गाडी येऊन राहिली."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी तळहातानं बसल्या जागचाच दगड थोपटला. इंद्रकुमार आडवे झाले आणि दगडाला कान लावला. मीही लावला. दगड उन्हानं तापला होता. आधी काही नाही, मग आत कुठंतरी खोल घरघर, जात्याची शेजारच्या घरातून येते तशी. ती वाढत गेली. इंद्रकुमारांचे डोळे मिटलेले. बऱ्याच वेळानं दूर खाली झाडांच्या मधून मालगाडी निघाली, एकेक डबा, आवाज न करता, कारण आवाज आधीच येऊन गेला होता.

"नोकरीत होतो तवा मी त्या तथी खाली रुळावर चालत जावो," काका म्हणाले, "अन् वर पाहून म्हनो, हे काय हाये एवढं मोठं. रिटायर झालो तवा आलो."

काकांना खाली आणायला संध्याकाळ झाली. एक हात इंद्रकुमारांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात तोडलेली काठी. येनाच्या झाडापाशी हिमांशु आणि बाकीचे भेटले. हिमांशु आधी रागावला, मग रडवेला झाला, मग त्यानं काकांची दुसरी बाजू धरली. टोल्यात रुख्माबाई गाडीच्या बोनेटला टेकून उभ्या होत्या, हातात सूप तसंच.

काकांचा पाय होळीपर्यंत बरा झाला. पुढच्या रविवारपासून आम्ही पाळी लावली: दर वेळी एकानं गाडीपाशी थांबायचं आणि इंद्रकुमारांनी वर यायचं. ते आले. वशिंडावर गेले, मानेच्या चढणीवर हात टेकले, डाव्या कानाला वारा घेतला. मजेत होते. पण काहीतरी बिनसलं होतं आणि ते काय, हे मला त्यांनीच एका रविवारी उतरताना सांगितलं.

"म्याडम, आता सांगता येत नाई."

"काय?"

"पहाडी. पहिले पोट्ट्यांले सांगो त गाडी शाळेपर्यंत पोचली तरी संपत नव्हती. आता काय सांगू? रस्ता आहे, गोटे आहेत, दम लागते. आमगाव नाक्यापर्यंतही पुरत नाई. पोट्टे म्हन्तात, अंकल, तुमी बोर झाले."

"आणि घरी?"

"गुंजन म्हन्ते, पहिलेची पहाडी चांगली होती."

भूगोलाच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

उत्तर गुंजननं काढलं. मी पुढे फुलचूरला त्यांच्या घरी गेले तेव्हा दोघांनी मिळून सगळं सांगितलं. शाळेला सुट्टी लागून आली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मले घेऊन चला. मी पाहतो." इंद्रकुमार म्हणाले, "तुह्यानं होनार नाई, गुडघे दुखतात तुह्ये." ती म्हणाली, "दुखले त बसीन."

पहाटेच निघाले. पायथ्याशी मोहाचे दिवस ऐन भरात होते. झाडाखाली टोल्यातल्या बायका वाकून फुलं वेचत होत्या. त्यांच्यामधून वाट काढत दोघं बांबूत शिरले. आणि इंद्रकुमार जसे सवयीनं पुढे निघाले, तसं गुंजननं त्यांना मागे घेतलं. "तुमी मांगून या. मी सांगतो काय दिसते ते."

ती फार सावकाश चढली. दर थोड्या वेळानं बसली. बसल्या जागी जे दिसेल ते ती बोलत होती: मुंग्यांची रांग पान ओढून नेते ती, बांबूला बांबू घासल्याचा आवाज, नाल्यातल्या एका गोट्याचा आकार बसलेल्या म्हातारीसारखा, तिच्या सासूसारखा. इंद्रकुमार इतक्यांदा त्या गोट्यावरून गेले होते. म्हातारी त्यांना दिसली नव्हती. आता बघितलं तर होती, पदर डोक्यावरून घेतलेली. पळस फुलून संपत आला होता, खाली केशरी पाकळ्यांचा सडा. गुंजननं त्यातून पाय न टाकता कडेनं वाट काढली.

येनापाशी इंद्रकुमारांना वाटलं, हिला ते गवताचं मैदान दाखवावं. दोघं त्या बाजूला गेले. खूप शोधलं. घाणेरी तीच, उतार तोच वाटत होता, पण झाडं कुठं संपतच नव्हती. इंद्रकुमार चिडले. मग घाबरले, की आपल्याला ते मैदान त्या दिवशी नुसतं वाटलं तर नव्हतं. "म्याडमनंही पाहिलं," ते म्हणाले. "म्याडमले विचार."

"असन कुठीतरी," गुंजन म्हणाली. "आपन अथी बसू."

तिथंच, कुठल्याशा तेंदूच्या झुडपाखाली, त्यांनी भाकरी आणि लाखोळीची भाजी खाल्ली. वशिंडावर गेले नाहीत. दगडापर्यंत गेले नाहीत. गुंजननं विचारलं, "त्या मैदानात पानी कसं होतं म्हनले तुमी?" आणि इंद्रकुमार सांगायला लागले. परातीएवढं पाणी, पिवळी फुलपाखरं, न हलणारं गवत. सांगता सांगता त्यांना आठवलं नव्हतं तेही आठवलं: पाण्याच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ होती, आणि पाण्यात एकच ढग. गुंजन डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हं. पुढं?"

उतरले तेव्हा ऊन चढलं होतं आणि बायकांच्या टोपल्या भरत आल्या होत्या. गुंजन त्यांच्यात जाऊन बसली, दोन हातांनी वेचू लागली, कुणाच्या टोपलीत टाकतेय याचा विचार न करता. रुख्माबाईंनी निघताना तिच्या ओटीत पसाभर फुलं घातली. गाडीभर तो जड गोड वास पसरला. सालेकसा येईपर्यंत गुंजन पुढच्या सीटवर झोपून गेली होती, डोकं काचेला टेकलेलं, फुलं ओटीत तशीच. इंद्रकुमारांनी काच थोडी वर केली. मागून ट्रक हॉर्न देत होते, त्यांना हातानं पुढे जाऊ दिलं आणि आमगावपर्यंत गाडी खड्ड्यांच्या कडेकडेनं, अगदी हळू, चालवत आणली.